गोंदणाच्या पेटीचा कागद

आरमोरीत आमच्या गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या बाईंनी गोंदण्याची मशीन विकायला काढली, तेव्हा घेणारी लगेच मिळाली. अडलं ते कागदावर. घेणारी भामरागडच्या पलीकडच्या गावातली होती. विकल्याचा कागद असल्याशिवाय पेटी नेणार नाही, हे तिनं ओट्यावर बसता बसताच सांगितलं.

कारण उघड होतं. पत्र्याची पेटी, तिच्यात तारांची वेटोळी, तांब्याच्या दोन गुंडाळ्या, पायानं दाबायचं बटण आणि एक बॅटरी. आलापल्लीच्या पुढं नक्षल्यांचा भाग लागतो, म्हणून पोलीस रस्त्यावर गाड्या थांबवून सामान तपासतात. अशी पेटी उघडल्यावर तपासणाऱ्याला पहिल्यांदा काय वाटेल, हे त्या भागातल्या माणसाला सांगावं लागत नाही. घेणारीच्या दिराला मोबाइल दुरुस्तीच्या सामानासकट एकदा दुपारभर बसवून ठेवलं होतं. चहा पाजला, वरिष्ठांनी येऊन पाहिलं आणि सोडलं. कुणी वाईट वागलं नाही, असं तीच म्हणाली. पण त्याचा त्या दिवसाचा बाजार बुडाला.

ती नवऱ्याबरोबर आठवडी बाजारांत बांगड्यांचं दुकान लावते. बांगड्यांवर भागेना, म्हणून गोंदण्याचं काम जोडायचं तिनं ठरवलं होतं. एक हिवाळा आरमोरीत नातेवाइकांकडे राहून ती बाईंच्या हाताखाली मशीन शिकली. घरची सगळी साठवण या पेटीत जाणार होती. पेटी रस्त्यात अडकली तर दुसरी घेण्याची ऐपत नव्हती. तेंदूपत्त्याचे दिवस सरत आले होते. पावसाळा लागला की तिकडचा रस्ता तुटतो, म्हणजे थांबून पाहण्यासारखंही नव्हतं.

कागद लिहायला बाईंनी मला बोलावलं. चंद्रपुरात वर्तमानपत्रातली नोकरी संपल्यावर मी आरमोरीला राहायला आलो, पण बाईंची ओळख त्याआधीची. जत्रेच्या बातमीला गेलेल्या माणसाला बसायला जागा लागते आणि ती कुणी देत नाही. बाई देत. गोंदून घ्यायला आलेल्यांची रांग एका बाजूला, मी दुसऱ्या बाजूला, मध्ये त्यांची मोठी काळी छत्री. कुणाची दुकानं कुठं, पाण्याचा टँकर आला की नाही, कोण हरवलं आणि कोण सापडलं, हे त्यांना बसल्या जागी कळायचं. माझ्या जत्रांच्या निम्म्या बातम्या त्या छत्रीखाली लिहिलेल्या आहेत. त्यांचं नाव त्यांतल्या एकीतही नाही. त्यांनी कधी तसं सुचवलंही नाही.

आता त्यांचा उजवा हात थरथरू लागला होता. दुसऱ्याच्या अंगावर चुकलेली रेघ पुसता येत नाही, एवढं बोलून त्यांनी काम थांबवलं होतं.

मी पहिला मसुदा लिहून वाचून दाखवला. “सदर विक्रेतीने सदर साहित्य सदर खरेदीदारास…”

“भाऊ, हा सदर कोन व्हय?” बाईंनी विचारलं. “तीनदा आला. पेटीत तं दिसत नाई.”

घेणारी हसली नाही. “गाडी तपासनारा उन्हात उभा राहून वाचनार आहे,” ती म्हणाली. “त्याले कोर्टात नाई जायाचं. पहिल्याच ओळीत लिहा, ही गोंदायची मशीन आहे म्हनून.”

मी कागद फाडून नवा घेतला. पहिल्या ओळीत मशीन गोंदण्याची आहे हे आलं. विकणारीचं आणि घेणारीचं नाव-गाव आलं. किमतीचा आकडा त्यांचा आधीच ठरलेला होता, तो दोघींनी सांगितला तसा लिहिला. बाईंना “चालू स्थितीत” हे शब्द हवे होते. चालू आहे हे पाहिल्याशिवाय लिहिणार नाही, असं मी म्हणालो. तेव्हा बाईंनी स्वयंपाकघरातून दुधी आणला. घेणारीनं नवी सुई बसवली, बटणावर पाय ठेवला आणि दुधीवर एक मोर काढला. मशीन गुणगुणत चालली, कुठं अडली नाही. मोराची मान जरा जाड झाली.

“मोर व्हय का कोंबडा?” बाई म्हणाल्या.

“दुधी हालत होता, बाई.”

“गिऱ्हाईकही हालते.”

मग सामानाचे फोटो. ओट्यावर पोतं अंथरून एकेक वस्तू ठेवली, मी मोबाइलवर टिपली. वापरलेल्या सुया बाईंनी आधीच वेगळ्या काढल्या होत्या. “मशीन जाते, सुई नाई जात,” त्या म्हणाल्या. “एकाचं रगत पाह्यलेली सुई दुसऱ्याची कशी होईन?” कागदावर फक्त सीलबंद पाकिटं आली.

शेवटी एक गोल डबी उरली. मशीनला बाटलीतली शाई लागते, पण त्या भागातल्या म्हाताऱ्या बाया ती अंगाला लावून घेत नाहीत. त्यांना जुनंच गोंदण हवं असतं, तेही जुन्याच काळ्यानं. तेलाच्या दिव्यावर मातीची झाकणी धरून बाई ते काळं जमवायच्या. घेणारीला डबी हवीच होती. मी ती उघडून पाहिली आणि लिहिलं: काळी भुकटी, एक डबी.

तिनं कागदावर हात ठेवला. “काळी भुकटी? भाऊ, मले घरी जायाचं आहे. हे वाचून तं मले त्यायच्याच गाडीत घालून नेतील.”

“पण ती भुकटीच आहे.”

“तुमच्या लेकराच्या डोळ्यात काय घालत होते?” बाईंनी विचारलं. “भुकटी?”

“ते काजळ. ही काजळी आहे.”

“एका वेलांटीनं काय बिघडते?”

वेलांटीवर मी अडून राहिलो. काजळ लिहायचं आणि डबीत कोरडी पूड निघायची, मग बाकीच्या कागदावरही कुणी विश्वास ठेवणार नाही, असं माझं म्हणणं. तिचं म्हणणं, पूड हा शब्द दिसला की पुढचं कुणी वाचणारच नाही. दोघांचंही खरं होतं. बराच वेळ खल झाल्यावर मी लिहिलं: दिव्याची काजळी, गोंदण्यासाठी.

“खाली हिंदीतही लिहा,” ती म्हणाली. “जवान कुठचाही राह्यते.”

मी तेही लिहिलं. बाईंनी सही केली, उजवा हात डाव्यानं धरून केली. तिनं केली. साक्षीदार म्हणून मी केली. फोटोंच्या प्रती काढून कागदाला टाचल्या. मला वाटलं, काम संपलं.

“साक्षीदार इथी राह्यनार,” ती म्हणाली. “मले तं तो रस्त्यात लागते.”

“जा न भाऊ,” बाई म्हणाल्या. “घरी बसून काय करून राह्यले?”

दुसऱ्या दिवशी आम्ही निघालो. गडचिरोलीला गाडी बदलली. कंडक्टरनं पेटीत काय म्हणून विचारलं, तिनं सांगितलं. त्यानं पेटी मागच्या धक्क्यांत न ठेवता स्वतःच्या सीटजवळ ठेवली आणि आलापल्लीपर्यंत तिच्यावर एक हात ठेवून बसला. तिकीट त्यानं फक्त आमचं फाडलं. आलापल्लीनंतर दोन्ही बाजूंना साग लागला, मध्येच तेंदूपत्त्याच्या पोत्यांनी भरलेले ट्रक. कागद प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी तिच्या मांडीवर.

तपासणीच्या ठिकाणी सगळ्यांना खाली उतरवलं. पिशव्या, कोंबड्यांची टोपली, एक सायकलचं चाक, सगळं पाहून झालं. मग तरुण शिपायानं पेटी उघडली आणि दोन पावलं मागं सरकला. तिनं कागद पुढं केला. त्यानं तो घेतला नाही, अधिकाऱ्याला हाक मारली.

अधिकारी झाडाखालून आला. त्यानं कागद उभ्या उभ्या वाचला, पहिल्या ओळीपासून शेवटच्या सहीपर्यंत. मग एकेक फोटो पाहून पेटीतली वस्तू बाजूला ठेवत गेला. डबी उघडली, हुंगली.

“दिव्याची?”

“हो साहेब. तिळाच्या तेलाच्या दिव्याची.”

झाकण लावून त्यानं डबी परत ठेवली. “साक्षीदार कोण?”

मी पुढं झालो.

“तुमी सोबत काऊन आले?”

“कागद मी लिहिलाय. काही चुकलं असेल तर दुरुस्त करायला.”

“चुकलं आहे,” तो म्हणाला.

तिनं माझ्याकडे पाहिलं. बसमधले लोक जवळ सरकले.

“कोणी विकली, कोणी घेतली, चालते का, सगळं आहे,” तो म्हणाला. “पण ही बाई पेटी घेऊन दर बाजाराला फिरणार. ते कुठं आहे? आज तुमी उभे आहा. पुढच्या बाजाराला कोण? इथं माझ्या जागी दुसरा असला तर?”

तो प्रश्न मला सुचला नव्हता. मी एका प्रवासापुरतं लिहिलं होतं. तिला मात्र त्यानंतरही त्याच रस्त्यानं जायचं होतं.

त्यानं कागद जीपच्या बॉनेटवर उलटा ठेवला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर लिहू लागला. ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला. सही करून अधिकारी शिक्का आणायला आत गेला, तेवढ्यात हॉर्न पुन्हा वाजला. कोंबड्यांच्या टोपलीवाला म्हातारा म्हणाला, “साहेब आले का आमच्या कोंबड्यायलेही एक एक शिक्का मारून घेतो. दर बाजाराले त्याच कोंबड्या तपासून राह्यले.” शिपाईही हसला.

गाडी सुटल्यावर तिनं कागद माझ्याकडे दिला. मागं लिहिलं होतं: पेटी पाहिली. गोंदण्याचे सामान आहे. बाजाराला नेते. जाऊ द्यावे. खाली सही, शिक्का. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या मजकुरातले शब्द कमी करण्याचं काम मी केलं. त्या चार वाक्यांत कमी करावा असा एकही शब्द नव्हता. हे लिहायला त्याला कुणी सांगितलं नव्हतं. पेटी पाहून सोडून दिली असती, तरी त्याचं काम झालं असतं. त्याचे आभार मानायचे राहून गेले, गाडी सुटत होती. ते इथे मानतो.

तिनं कागद परत घेतला. शिक्का ओला होता, त्यावर फुंकर घालत राहिली.

“भाऊ,” थोड्या वेळानं ती म्हणाली, “पुढच्या बाजाराले तुमी नाई आले तरी चालते.”

भामरागडला तिचा नवरा मोटारसायकल घेऊन उभा होता. त्यानं पेटीला हात घातला. “ते मंग,” ती म्हणाली, “आधी हे वाच.” त्यानं गाडी बंद केली, कागद उलटा करून मागची चार वाक्यं मोठ्यानं वाचली, आणि दोघांनी मिळून पेटी मागच्या सीटला बांधली. ती पेटीमागं कशीबशी बसली, एक हात पेटीवर ठेवून. मी परतीच्या गाडीची चौकशी करायला वळलो.