एकाच घरातले दोन स्पर्धक

डॉ. शशिकांत गुप्ते नॉटिंगहॅमच्या एका हॉस्पिटलात सर्जन होते. उजवा हात थरथरू लागला, पार्किन्सन्सचं निदान झालं, तेव्हा कुणी सांगायची वाट न पाहता त्यांनी स्वतःच ऑपरेशन्स थांबवली आणि निवृत्ती घेतली. त्याचं दुःख त्यांनी बोलून दाखवलं नाही. पण मग बाकीचंही बोलणं आटलं. त्यांची बायको सुलक्षणा जीपी, म्हणजे फॅमिली डॉक्टर. ती दवाखान्यातून घरी यायची, तेव्हा ते कॉन्झर्व्हेटरीत, मागच्या काचेच्या खोलीत, बागेकडे बघत बसलेले असायचे.

मुलगी वरदा मँचेस्टरला आयटीत. तिने बाबांना एका ऑनलाइन प्रोग्रॅमिंग स्पर्धेची लिंक पाठवली. लहानमोठी वर्तुळं एकमेकांवर न चढवता एका मोठ्या वर्तुळात बसवायची, आणि ते मोठं वर्तुळ होईल तितकं लहान करायचं. बसवण्याचं काम अर्थात आपण लिहिलेल्या प्रोग्रॅमने करायचं. शशिकांतना गणिताची ओढ जुनीच होती. डाव्या हाताच्या एका बोटाने टाइप करत ते त्यात असे रमले, की चहा गार व्हायला लागला.

आपणही उतरलो तर निदान बोलायला विषय मिळेल, असं सुलक्षणाला वाटलं. वरदाकडून थोडं शिकून तिने आपलं नाव वेगळं नोंदवलं. जेवताना सहज विचारलं, "अहो, मोठी वर्तुळं तुम्ही मध्ये ठेवता की कडेला?"

"ते सांगता यायचं नाही. सोल्यूशन्स डिस्कस करायला अलाउड नाहीये."

"मी बायको आहे तुमची."

"कंटेस्टंटपण आहेस."

तिला हसू आलं आणि वाईटही वाटलं. बोलायला म्हणून शोधलेला विषयच बंद झाला होता.

एकदा त्यांना चहा द्यायला गेली असताना तिची नजर त्यांच्या स्क्रीनवर पडली. मोठी वर्तुळं कडेला टेकलेली होती. तिने आपल्या प्रोग्रॅममध्ये तसंच करून पाहिलं आणि उत्तर एकदम सुधारलं, त्यांच्यापेक्षाही चांगलं आलं. ते तिने पाठवलं नाही. रात्री जेवताना तिने सगळं सरळ सांगून टाकलं.

शशिकांतनी हातातला घास खाली ठेवला. मग म्हणाले, "किती आलं?"

तिने आकडा सांगितला.

"कडेला ठेवून माझं एवढं येत नाही. तू आणखी काहीतरी करतेस."

"ते सांगता यायचं नाही," ती म्हणाली.

शेवटी दोघांनी मिळून आयोजकांना सगळं कळवलं आणि टीम होऊ का, असं विचारलं. उत्तर आलं: चालेल, पण दोघांचे आधीचे गुण रद्द होतील. शशिकांत पहिल्या तिसांत होते. निवृत्तीनंतर कशात तरी त्यांचा नंबर लागत होता. दुपारभर ते बागेत फिरत राहिले. मग आत आले आणि सुलक्षणाशेजारी खुर्ची ओढून बसले.

"हं, आता सांग. काय करतेस?"

"एखादं छोटं वर्तुळ उचलते आणि सगळ्यात मोठ्या फटीत टाकते. मग पुन्हा सगळ्यांना दाबून बसवते."

"मी नुसती जागच्या जागी हलवत बसलो," ते म्हणाले, आणि मग थांबेनात. ते सांगत गेले, ती टाइप करत गेली. मध्येच वाद झाला. हात थरथरतोय म्हणून टेबलाखाली लपवायचंही ते विसरले.

स्पर्धा संपली तेव्हा टीम पहिल्या पन्नासातही नव्हती. वरदाने फोन करून विचारलं, "बाबा, वाईट वाटलं का?"

"वाटलं थोडं," शशिकांत म्हणाले. "पण थांब, आई म्हणतेय माझ्या कोडमध्ये चूक आहे. ती आधी बघतो."

फोन त्यांनी तसाच टेबलावर ठेवला. पलीकडून वरदा दोघांचं बोलणं ऐकत राहिली.