आधी एक फोन

तरुणपणी मी एक गाढवपणा केला. एका मालिकेच्या डबिंगला मला अचानक बोलावलं आणि मी पावडर थापून धावत गेले, जणू पडद्यावर माझं तोंडच दिसणार होतं! त्या भूमिकेला आधी कुणाचा आवाज होता, तिला का काढलं, हे विचारलंसुद्धा नाही.

आज माझी नात ऋचा, तीही डबिंगच करते, समोरच्या मोबाइलकडे टक लावून बसली आहे. तिचा आवाज यंत्राला शिकवायची परवानगी स्टुडिओने मागितली. तिने नकार दिला. आता ते तिच्या जागी दुसरी शोधताहेत. ओळखीच्या सगळ्याजणींनी 'आम्ही जाणार नाही' असं कळवलं. राहिली एक नवखी. ती 'हो' म्हणाली, की ऋचाची भूमिका गेली.

चहावर साय धरली. या पोरींना ना संघटना, ना पक्की नोकरी. दुसरीचं काम घेण्याआधी तिला फोन करायचा, एवढाच यांचा कायदा. तो कुठे लिहिलेला नाही, मोडला तर विचारणार कोण?

फोन वाजला. ऋचाने स्पीकर लावला, ती नवखीच होती.

"ताई, तुमच्या जागी मला बोलावलंय. तुम्ही स्वतःहून सोडलंत का? नसेल, तर मी नाही जात."

"नाही सोडलं," एवढं सांगून ऋचाने फोन ठेवला, डोळे पुसले आणि मला म्हणाली, "आजी, आता त्यांना कुणीच उरलं नाही. तुला बोलावलं तर धावत सुटू नकोस हं!"