रावजी गावड्याने भरलेलं काडतूस

रावजी गावडे हट्टी होता हे सांगायला साक्षीदार नकोत. त्याची बायको सत्यवती एकटी पुरेशी होती. सावंतवाडीकडचा हा गडी बहरीनला आला ड्रायव्हर म्हणून, आणि बुसैतीनच्या बू राशिद या म्हाताऱ्या मालकाच्या बंदुका पुसता पुसता काडतुसं भरायला लागला. मालकाकडे परवान्याची दोन जुनी इंग्रजी रिव्हॉल्व्हरं होती, वडिलांच्या वेळची. तसली काडतुसं बाजारात मिळेनाशी झाली होती. रिकामी पितळी नळकांडी जपायची आणि पुन्हा भरायची, एवढंच हातात होतं. गावी रानडुकरांसाठी ठासणीची बंदूक भरून रावजीचा हात बसलेला, म्हणून काम आपसूक त्याच्याकडे आलं.

१९८१ साली घात झाला. कुणीतरी मालकाला बंदुकीच्या नव्या, बिनधुराच्या दारूचा डबा भेट दिला. नळी घाण होत नाही, हात काळे होत नाहीत, रावजी खूश! त्याच्या गावी दारू कुणी तोलत नाही, शिंगाच्या मापाने ओततात. त्याने तेच माप नव्या दारूने काठोकाठ भरलं. ही दारू तेवढ्याच मापात गावच्या जुन्या काळ्या दारूच्या कितीतरी पट जोर करते, हे त्या शहाण्याच्या ध्यानीमनीही नव्हतं. नशीब एवढंच, की ज्याने बार भरला त्यानेच पहिला उडवायचा, हा गावचा रिवाज त्याने पाळला. रिव्हॉल्व्हरचं फिरतं चक्र फुटलं आणि रावजीच्या उजव्या अंगठ्याचं पेर घेऊन गेलं.

बू राशिदने औषधपाणी सगळं केलं, रागाचा एक शब्द काढला नाही. दुसरं रिव्हॉल्व्हर मात्र त्याने भिंतीवर काचेत बंद केलं. तारुण्यात मुंबईला मोत्यांचा धंदा केलेला माणूस, त्याची हिंदी रावजीपेक्षा बरी होती.

"अब ये नहीं चलेगा, रावजी. खलास."

हे खलास रावजीला अंगठ्यापेक्षा जास्त झोंबलं. म्हाताऱ्याच्या बापाची वस्तू आपल्या गाढवपणाने मुकी झाली, याची त्याला मनापासून लाज वाटत होती.

"अंगठो गेलो ता पुरा नाय झाला?" पुन्हा काडतुसं भरायचा त्याचा बेत ऐकून जिदहफ्सच्या त्यांच्या खोलीत सत्यवती कडाडली. "आता आख्खो हात देतल्यात?"

"माझ्या हातान फुटला, माझ्याच हातान चलूक व्हया," रावजी म्हणाला आणि जेवायला बसला.

चांदमारीच्या मैदानावरचा रहिमतुल्ला जुना फौजी. त्याने रावजीला आधी पोटभर शिव्या घातल्या, मग समजावलं, की हे लोखंड काळ्या दारूच्या जमान्यातलं आहे, त्याला दुसरं काही पचणार नाही. रावजीने नव्या दारूचा डबा मालकाला परत केला. तांब्याच्या कवचाच्या तयार गोळ्या मिळत होत्या, त्याही नाकारल्या. जुनी नळी त्यांनी खरवडली असती. मग तो मऊ शिशासाठी सलमाबादची वर्कशॉपं धुंडाळत सुटला. गाड्यांच्या चाकांची शिशाची वजनं नखाला दाद देईनात, कडक. शेवटी भंगारात एक जुना शिशाचा पाइप सापडला. नख लावताच त्यावर ओरखडा उठला, तसा रावजी तिथेच हसला. गोळ्या ओतल्या, वाकड्या निघाल्या, पुन्हा वितळवल्या. आणि रोज सकाळी मालकासमोर उभा राहून तीच विनवणी. पुढच्या हिवाळ्यात म्हातारा कंटाळून का होईना, काच उघडायला तयार झाला.

शुक्रवारी मैदानावर रावजीने काडतुसं चढवली आणि सवयीने पुढे झाला. बू राशिदने हात पसरला.

"ला इधर."

"नहीं बाबा, पहले मैं!"

"भरा किसने?"

"मैंने."

"बस. फिर डर काहे का? यल्ला, हटो."

रावजीला हटावं लागलं. धडाम्‌ आवाज झाला, पांढऱ्या धुराने म्हातारा दिसेनासा झाला. रहिमतुल्ला निशाण्याकडे धावला. रावजी धुरात शिरला, त्याने मालकाचा हात दोन्ही हातांत धरला आणि एकेक बोट चाचपून पाहिलं.