हो, येतंय ऐकू

माझ्या ताईला तिच्या दवाखान्याच्या रस्त्यावर सगळे कानवाली म्हणतात. ती डॉक्टर नाही, कान तपासते. मशीन लागेल की नाही ते सांगते आणि लागलं तर बसवून देते. आणि सांगते म्हणजे तोंडावर सांगते. "आजोबा, डावा गेला. उजवा जायच्या वाटेवर आहे." आजोबा बिचारे बायकोकडे बघतात, बायको छताकडे बघते. मी कितीदा म्हटलं असेल, अगं, जरा गोड बोलावं माणसाने, जिभेला काटे फुटतात का? तर म्हणते, "गोड बोललेलं त्यांना ऐकू येणार आहे का?"

मी पोटासाठी गोड बोलते. एका कंपनीत चॅटवर बसते. लोक मला शिव्या लिहितात आणि मी त्यांना लिहिते, "आपल्याला झालेल्या त्रासाबद्दल आम्ही मनापासून दिलगीर आहोत." मनापासून! कुणाचं मन आणि कसलं काय. ते वाक्य मला पूर्ण लिहावंही लागत नाही, पहिलं अक्षर दाबलं की बाकीचं आपोआप समोर येतं. आपण दोघी एका आईच्या पोटी कशा आलो, असं ताई म्हणते. मला त्याचं काही नवल वाटत नाही. मी आईवर गेलेय, ती बाबांवर.

आईने जन्मात कुणाला दुखवलं नाही. जेवण करपलेलं असलं तरी "खमंग झालंय हं" म्हणून दुसऱ्यांदा वाढून घेणारी बाई. फोनवर राँग नंबर लागला तर समोरच्याला वाईट वाटू नये म्हणून त्याच्या घरच्यांची चौकशी करायची. बाबा याच्या बरोबर उलटे. त्यांना नवीन घर दाखवायला बोलावताना लोक दोनदा विचार करायचे, कारण ते आत पाऊल टाकल्या टाकल्या ओल कुठे आलीय ते सांगत. पण आईचं सगळं त्यांनी सांभाळलं. सोफ्यावर कायम तिच्या डाव्या अंगाला बसायचे, कानाशी लागून काहीतरी पुटपुटायचे. म्हातारपणी प्रेम फारच उतू चाललंय म्हणून आम्ही दोघी चिडवायचो. आई लाजायची.

ताईच्या दवाखान्यात खोलीच्या आत एक खोली आहे. भिंतींना जाड गाद्या, एक काच, आत एक खुर्ची. तिथे बसलं की स्वतःचा श्वास ऐकू येतो, मला तर पाच मिनिटांत घाबरायला होतं. माणसाला हेडफोन घालायचे, हातात एक बटण द्यायचं, आवाज आला की दाबायचं. दाबलं की बाहेर ताईच्या समोर दिवा लागतो. मधूनच ती मुद्दाम आवाज सोडतच नाही, नुसती थांबते. आणि काही जण तेव्हाही दाबतात. खोटं बोलायचं म्हणून नव्हे हो. समोरची बाई एवढी मेहनत घेतेय, तिला किती वेळ ताटकळत ठेवायचं, म्हणून. ताई त्यांना सज्जन म्हणते. "आज तीन सज्जन आले," असं संध्याकाळी मला सांगते.

तर ही अशी ताई. तिच्या जिवाला एकच गोष्ट लागलेली आहे, ती आधी सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. बाबा शेवटच्या दुखण्यात हॉस्पिटलमध्ये होते तेव्हा त्यांनी एकेकाला विचारलं, "मी यातून उठेन ना?" मी म्हटलं, पुढच्या आठवड्यात घरी. आई म्हणाली, तुम्हाला काय धाड भरलीय. सगळ्यात शेवटी त्यांनी ताईला विचारलं. ताई म्हणाली, "नाही बाबा. मला नाही वाटत." त्यांनी तिच्याकडे पाहिलं आणि भिंतीकडे तोंड केलं. मग ते कुणाशीच बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी गेले.

तेव्हापासून भाजी चिरता चिरता, गाडी चालवता चालवता ताई एकदम विचारते, "मी चुकले का गं?" मी म्हणते, "छे, बरोबरच केलंस तू." की लगेच ती उसळते. "तुला काय विचारायचं! तू चॅटवाली." आईला विचारलं तर आई म्हणणार, "माझं बाळ कधी चुकेल का." ताईचा नवरा तर विषयच बदलतो. खरं उत्तर देणारा आमच्या घरात एकच माणूस होता आणि तोच भिंतीकडे तोंड करून गेला.

बाबा गेल्यावर आई गावी एकटीच राहिली. आमच्याकडे ये म्हटलं तर "येईन की" म्हणायची आणि यायची नाही. मग दर रविवारी व्हिडिओ कॉल. ती तिच्या घरी, ताई तिच्या, मी माझ्या. आई सोफ्यावर बसायची पण पडद्याच्या एका कडेला, अर्धा खांदा कापलेला. तिच्या डाव्या अंगाची बाजू सगळी रिकामी.

"आई, मध्ये बस ना."

"मध्येच बसलेय की."

आपण काही बोललो की ती जराशी डावीकडे कलायची, थांबायची, मग उत्तर द्यायची. नेट स्लो आहे, असं मी धरून चालले. उत्तरं मात्र अगदी बरोबर असायची.

एका रविवारी ताई दवाखान्यातून बोलत होती. बाहेर पेशंट, म्हणून मधेच तिने आवाज बंद केला आणि चालू करायला विसरली. ती काहीतरी बोलतेय एवढंच मला दिसत होतं, नावाखाली माइकवर तिरकी रेघ. "ताई, आवाज बंद आहे तुझा," असं म्हणायला मी तोंड उघडलं, तेवढ्यात आई डावीकडे कलली, थांबली आणि म्हणाली, "मग दाखव की कुणाला तरी. पाठीचं दुखणं अंगावर काढू नये."

कॉल संपल्यावर मी ताईला फोन लावला. "तू मघाशी आईला काय सांगत होतीस?"

"पाठ धरलीय म्हणून. का?"

"तुझा आवाज बंद होता."

 मग तिचा दवाखान्यातला आवाज लागला. "ओठ वाचते ती. म्हणजे तिला ऐकू येत नाहीये. कधीपासून, कोण जाणे. आणि मी दिवसभर लोकांचे कान तपासते!" मला ते पटलं. पटवून घेतलं म्हणा. कारण खरं तर ताई त्या वेळी खाली मान घालून टेबलावरची मशीनं आवरत होती, तिचे ओठ मलाही धड दिसत नव्हते.

आईला आम्ही गाडीत घालून आणलं. "माझे कान ठणठणीत आहेत," असं ती वाटेत प्रत्येकाला सांगत होती, चहावाल्यालासुद्धा. ताईने तिला आत बसवलं, हेडफोन घातले, हातात बटण दिलं. बाहेर येऊन खुर्ची उलटी फिरवली आणि काचेला पाठ करून बसली, म्हणजे आईला तिचं तोंड दिसायला नको. मी शेजारी उभी होते.

ताईने आवाज सोडला, दिवा लागला. आवाज कमी केला, दिवा लागला. अजून कमी, अजून कमी. शाळेतल्या पोरांनाही ऐकू येणार नाही इतका कमी केला, तरी लागला. नुसती थांबली तेव्हा एकदाही लागला नाही. ताईच्या कपाळावर आठ्या चढल्या. "असे कान नसतात गं कुणाचे," ती पुटपुटली.

माझं लक्ष टेबलाच्या कडेला गेलं. तिथे एक वायर लोंबत होती. "ताई, ही कसली वायर?"

ती हेडफोनची वायर होती. यंत्रात खोचलेलीच नव्हती. स्वतःच्या आईला तपासायच्या गडबडीत विसरली असणार. म्हणजे एवढा वेळ आईच्या कानात एकही आवाज गेला नव्हता. माझ्या अंगावर सरसरून काटा आला. ताई मात्र वस्ताद. "नॉब फिरवताना माझा खांदा हलतो. तो बघून दाबत असेल," म्हणाली. वायर खोचली, काचेवरचा पडदा ओढला आणि पुन्हा सुरू केलं.

या वेळी दिवा लागलाच नाही. आवाज वाढवत नेला, शेवटी इतका वाढवला की हेडफोनमधून बाहेर झिरपून तो बारीकसा मलाही ऐकू आला. तरी नाही. ताईने उठून दार उघडलं. आई बटण मांडीवर ठेवून, हात जुळवून शांत बसली होती. डावीकडे बघत होती.

"आई, दाबलं का नाहीस?" ताईने तिच्या समोर जाऊन, मोठ्याने, एकेक शब्द सुटा करून विचारलं.

"हे म्हणाले, आता दाबू नकोस. लेकीला खरं कळू दे."

 ताई तिच्यासमोर गुडघ्यांवर बसली. हळूहळू सगळं बाहेर आलं. कान फार वर्षांपूर्वीच गेले होते, डाव्यात तेवढी कानाशी लागून बोललेलं कळण्याइतकी धुगधुगी उरली होती. लोकांना उगाच त्रास नको, परत परत बोलायला लावायला नको, म्हणून आईने सांगितलं नाही, आणि बाबांना शपथ घातली. म्हणून ते डाव्या अंगाला. कोण काय बोलतंय ते तिला कळेल असं, तोंड कानाजवळ नेऊन सांगायचे. प्रेम कसलं उतू जातंय, तो माणूस चोवीस तास नोकरी करत होता.

"आणि आता कोण सांगतं?" मी विचारलं.

आई माझ्याकडे वेड लागलंय का अशा नजरेने बघायला लागली. "हेच. आणखी कोण?"

बाहेर येऊन ताईने मला समजावलं. बहिऱ्या कानांना भास होतात. बाहेरून काही आत येईनासं झालं की मेंदू जुनेच आवाज वाजवतो. तिच्याकडे असे पेशंट येतात, कुणाला गाणी ऐकू येतात, कुणाला गेलेली माणसं. "मशीन लावलं की जातं ते," ती म्हणाली. तिने सगळ्यात जोरकस मशीन काढलं आणि दोन्ही कानांत बसवलं.

"आई, येतंय ऐकू?"

आई दचकली. वळून तिने पंख्याकडे पाहिलं, मग ताईकडे. किती वर्षांनी लेकीचा आवाज ऐकत होती! माझे डोळे भरून आले. मग आई डावीकडे कलली. थांबली. अजून थोडी कलली. तिचा चेहरा असा उतरत गेला की मला बघवेना.

"हो, येतंय ऐकू," ती हसून म्हणाली. "छान येतंय."

पुढचे काही रविवार आई पडद्याच्या मधोमध बसली. लगेच उत्तर द्यायची. "घरात फार आवाज आहे गं," एकदा म्हणाली. "फ्रिज बोलतो, नळ बोलतो. ज्यांनी बोलायचं ते सोडून सगळे बोलतात." आणि लगेच, "पण मशीन छान आहे हं. तू किती धडपड केलीस." तिचे कपडे अंगावर ढिले व्हायला लागले होते. मी फोन ठेवल्यावर रडायचे. ताई काहीच म्हणायची नाही, आणि तिचं काही न म्हणणं हे आमच्या घरात नवीनच होतं.

मग एका रविवारी मी ताईकडेच होते. स्वयंपाकघरातल्या टेबलावर फोन पाण्याच्या जगला टेकवून ठेवलेला, दोघी समोर. आई आली ती पुन्हा पडद्याच्या कडेला बसली. केस कानांवरून खाली घेतलेले. चेहऱ्यावर तजेला.

"आई, मशीन लावलंय ना?" मी विचारलं.

आई डावीकडे कलली, थांबली. "हो, येतंय ऐकू. छान येतंय."

मी ताईकडे पाहिलं. आता ही फाडकन बोलणार, असं मला वाटलं. पण ती पडद्याच्या रिकाम्या बाजूकडे बघत होती. तिने हात पुढे केला आणि आमचा आवाज बंद केला. मग पदराने तोंड झाकावं तसा ओढणीचा शेव ओठांवर धरला. ओठ दिसायला नकोत म्हणून. जन्मभर ज्याला त्याला तोंडावर बोलणारी माझी ताई ओढणीआडून इतकं हळू बोलली की शेजारी बसून मला कान द्यावा लागला.

"बाबा, मी तेव्हा खरं सांगितलं. चुकलं का हो माझं?"

आई डावीकडे कलली. थांबली. फ्रिजचा आवाज येत होता, आमच्या की तिच्या, कळेना.

"हे म्हणतायत," आई म्हणाली, "विचारायचं तर आवाज चालू करून विचार म्हणावं तिला."

मी ताईचा दंड घट्ट धरला. तो बर्फासारखा गार पडला होता. पडद्यावर माइकची रेघ दिसली असेल आईला, मी मनात म्हटलं. दिसली असेल. ताईने ओढणी खाली घेतली, आवाज चालू केला आणि पोरीसारखं घाबरत विचारलं, "बाबा, माझं चुकलं का?"

या वेळी आई बराच वेळ कललेली राहिली. मग एकदम सरळ झाली आणि रागाने डावीकडे वळली. "अहो, असं काय बोलता तिला!" पुन्हा ऐकलं. पुन्हा मान हलवली. आमच्याकडे वळली तेव्हा ओशाळली होती.

"बाळ, मनाला लावून घेऊ नकोस. यांचा स्वभाव तुला माहीत आहे. हे म्हणतायत, हो, चुकलं. फार भ्यायलो म्हणाले. बोलायची ताकदच गेली."

ताईने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मला वाटलं, आता ही कोसळणार. मी तिला जवळ घ्यायला गेले तर ती रडत होती आणि हसतही होती.

"बाबाच आहेत गं," ती म्हणाली. "आई असं कधी म्हणेल का?"

नसतीच म्हणाली. जीव गेला तरी नसती म्हणाली. पडद्यावर आई अजून डावीकडे वळून त्यांना रागावत होती, आणि मधेच गप्प होऊन त्यांचं ऐकून घेत होती.