म्हशीला फसवायला नेसलेली साडी

परवा पुण्याहून मुलीचा फोन आला... "आई, कोपर दुखतंय, कंप्युटरनं असेल." ऐकलं आणि मला एकदम आमची म्हैस आठवली. हसू नका, सांगते.

सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णवची गोष्ट. हातकणंगल्याजवळच्या एका खेड्यात मी प्राथमिक शाळेत शिकवत होते. एके दिवशी फळ्यावर बेरजा लिहिताना खडू हातातून गळून पडला... कोपराच्या बाहेरच्या बाजूनं अशी कळ गेली की डोळ्यांत पाणी आलं.

सगळ्यांनी फळ्यालाच दोषी ठरवलं. मी पंधरा दिवस रजा टाकली, गोळ्या घेतल्या, कुणी सांगितलं म्हणून तेल लावून जोरात रगडून घेतलं. त्यानंतर तर चहाचा कप उचलतानाही कळ यायची. लिहिताच आलं नाही तर नोकरीचं काय, ही काळजी लागली.

शेवटी कोल्हापुरात एका फिजिओथेरपिस्ट मॅडमकडे गेले. त्या म्हणाल्या, टेनिस एल्बो. टेनिस मी फक्त टीव्हीवर बघितलेलं... पण मॅडम शहाण्या. म्हणाल्या, "उठल्यापासून झोपेपर्यंत काय काय करता ते सांगा."

मी सांगत गेले... धार काढते, भाकऱ्या करते, मग शाळा. त्यांनी मला तिथंच थांबवलं. "रजेतही धार काढत होता?"

"मग? म्हैस काय रजा देते व्हय?"

"कशी काढता, दाखवा." मी हवेत मूठ आवळून दाखवली आणि तीच कळ आली.

बघा म्हणजे... हाताला विश्रांती म्हणून घरी बसलेली मी, रोज दोन वेळा तीच मूठ आवळत होते. घरचं काम कुणी कामात धरलंच नव्हतं. मीसुद्धा नाही, याचा मला आजही राग येतो.

मॅडमनी नीट समजावलं. मूठ आवळताना मनगट सावरणारे स्नायू कोपराच्या हाडाला जिथं जोडलेले असतात, तिथं दुखापत झालेली. रगडून ती चिघळते. आधी धार बंद, मग हळूहळू व्यायाम, आणि दोन-तीन महिने धीर.

घरी आल्यावर सासूबाई म्हणाल्या, "म्हस इकून टाका. हात म्हत्त्वाचा हाय." त्यांचं चुकत नव्हतं. पण ती म्हैस माझ्या वडिलांनी गडहिंग्लजहून आणून दिलेली, आणि वडील त्याच वर्षी गेलेले. शिवाय माझ्याशिवाय ती कुणालाच पान्हा सोडत नसे. सासूबाईंना एकदा तिनं बादलीसकट आडवं केलं होतं.

आमचे हे शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत कामाला. आडदांड माणूस, झुपकेदार मिशा, बोलणं मोजकं. जेवता जेवता एवढंच म्हणाले, "इकायची न्हाय. मी काढतो की."

सकाळी गोठ्यात डोकावले तर... हे माझी धारेची जुनी साडी पँटवरूनच गुंडाळून, डोक्यावर पदर घेऊन म्हशीजवळ बसलेले. म्हैस वासानं माणूस ओळखते, म्हणून आमच्याकडं ही युक्ती करतात. पहिल्या दिवशी जेमतेम तांब्याभर दूध दिलं तिनं.

गल्लीत बातमी पसरायला कितीसा वेळ लागतो. शेजारचे आण्णा मुद्दाम कुंपणाशी येऊन म्हणायचे, "वैनी, मिशा लई वाढल्यात की." हे मान वर करायचे नाहीत. आठवड्याभरात म्हशीनं पुरता पान्हा सोडला.

तिकडं धार चालायची आणि इकडं उंबऱ्यावर बसून माझा व्यायाम... पाण्यानं भरलेली बाटली धरायची आणि मनगट सावकाश खाली सोडायचं. भाकऱ्या सासूबाईंनी घेतल्या. तिसऱ्या महिन्यात मी फळा भरून पाढे लिहिले आणि पोरांकडं पाठ करून गुपचूप रडून घेतलं.

मग एका रविवारी हौसेनं धारेला बसले, तर बाईसाहेबांनी माझ्यावरच पाय उचलला. हे दारात उभे होते. म्हणाले, "आता ती माझी हाय. तू जा शाळेला." ती होती तोवर धार त्यांनीच काढली.

तर परवा फोनवर मुलीला व्यायाम सांगितला, नीट तपासून घे म्हटलं, आणि दिवसभर हातानं काय काय करतेस त्याची यादी कर म्हटलं... घरच्या कामासकट. जावईबापूंनाही ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं.

अहो, त्या तीन महिन्यांबद्दल तुमचे आभार मानायचे राहूनच गेले होते. ते इथं सगळ्यांसमोर मानते. वाचून तुम्ही काही बोलणार नाही, चहा टाक म्हणाल... टाकते, हात चांगला आहे माझा.