मंदाताईंसमोर कुजबुज चालत नसे

मंदाताईंच्या केबिनमध्ये कोणी आवाज उतरवला की त्या कानामागे हात धरत. "मले कमी आयकू येते, जरा जोरानं बोला." कान चांगले ठणठणीत होते बाईंचे. पण विद्यापीठाच्या लैंगिक छळ तक्रार समितीच्या त्या अध्यक्ष, आणि रदबदलीला येणारी मोठी माणसं नेहमी कुजबुजतच येत. "मॅडम, मुलीचं वागणंही जरा..." हे वाक्य दार उघडं असताना, शिपायासमोर, मोठ्यानं म्हणायची हिंमत फार थोड्यांत असते. बहुतेक जण घाम पुसत परत जात. मुलगी सांगायला आली तर मात्र तिचे नुसते ओठ हलले तरी ताईंना ऐकू येई.

मंदाताई गिऱ्हेपुंजे मूळच्या भंडाऱ्याकडच्या. वडील इथल्या, हिंदी मुलखातल्या पोलाद कारखान्यात भट्टीवर होते, घर स्मृति नगरात. वर्गात त्या हिंदी बोलत, आमच्याशी अस्सल गावची मराठी. मी त्यांच्याच समितीची सदस्य. घाबरलेल्या मुलीशी बोलायचं कसं, हे विचारलं तर म्हणाल्या, "लाज कोणाले वाटाले पायजे, ते पयले तिच्याशी ठरवून घे. मंग बोलणं सोपं जाते."

पल्लवी आमच्या विभागात पीएच.डी. करत होती. तिच्या मार्गदर्शकांचं नाव मी लिहिणार नाही; भीतीनं नव्हे, ताईंवरच्या लेखात त्या माणसाला जागा कशाला द्यायची म्हणून. प्रबंध तपासायला तो तिला सुटीच्या दिवशी बोलावी, दार लावून घेई आणि अंगाला हात लावी. वर "सही माझीच लागणार" हे हसत हसत ऐकवी. पल्लवीनं तक्रार दिली. त्यानंतर जे सुरू झालं ते आठवलं की अजून डोकं भणाणतं. हा गृहस्थ आमच्या मराठी मंडळाचा सचिव, गणपतीत आरतीला सगळ्यांत पुढे. "आपला माणूस आहे, परमुलुखात आपणच आपली अब्रू काढायची का?" असं मला घरोघरी ऐकवलं गेलं. पोरीची अब्रू कोणाच्या खिजगणतीत नव्हती.

श्रावणात मंडळाचा सत्यनारायण होता. पल्लवीची आई तिला घेऊन आली. प्रसाद झाल्यावर मंडळाच्या अध्यक्षांच्या बायकोनं ताट पुढे आणलं. त्यात कुंकू, अक्षता आणि राखी. पल्लवीनं सरांना राखी बांधायची, सरांनी ओवाळणी घालायची, तक्रार मागे, विषय संपला. सरांनी मनगट पुढे करूनही ठेवलं होतं. निर्लज्जपणाला काही सीमा?

"बांध न वं माय," आई रडवेली झाली, "तुही डिग्री अडकून राहिली."

ताई प्रसादाचा द्रोण ठेवून उठल्या. "पल्लवी, तुले बांधायची हाये काय?"

"नाही," पल्लवी म्हणाली. "मले भाऊ नाही पाहिजे. मले दुसरा गाईड पाहिजे."

ताई सरांकडे वळल्या. "भाऊ व्हायचं होतं त पयल्याच दिवशी व्हायचं होतं. तक्रार झाल्यावर कावून आठवलं?"

"मंदाताई, समेट व्हायला काय हरकत आहे?" अध्यक्षांनी मध्ये तोंड घातलं.

"तिनं मागतला त होते. तुमी मागून राहिले." मग त्यांनी आईचा हात धरला. "बाई, गाईड बदलून द्याले लावणं आमच्या समितीचं काम हाये. डिग्री अडकत नाही. घरी चला."

चौकशी झाली, आरोप सिद्ध झाले. शिक्षा काय, तर मार्गदर्शकपद गेलं आणि वेतनवाढ थांबली. बस्स. नोकरी शाबूत. पल्लवीला दुसऱ्या मार्गदर्शक मिळाल्या एवढंच समाधान. मंडळानं मात्र ताईंना हळदीकुंकवाला बोलावणं बंद केलं. गुन्हा त्याचा आणि वाळीत ह्या. मी चिडले तर म्हणतात कशा, "जाऊ दे वं. तिळगूळ खाऊन माही शुगरच वाढत होती."

मागच्या हिवाळ्यात ताई हृदयविकारानं गेल्या. विद्यापीठात शोकसभा झाली. दोन भाषणं संपली आणि तेच सर उठले, ताईंच्या फोटोला हार घातला, माईक हातात घेऊन घसा खाकरला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला, पण सभेत कसं बोलावं म्हणून मी खुर्ची धरून बसले.

मागच्या रांगेतून पल्लवी उठली. आता ती आमच्याकडेच शिकवते. "सर, आप नहीं बोलेंगे।"

"बेटा, ही वेळ नाही," ते गोड हसून मराठीत म्हणाले, म्हणजे घरातली गोष्ट घरात राहावी.

तेव्हा तिच्या शेजारची बाई पदर खोचून उभी राहिली. पल्लवीची आई.

"पोरगी काय म्हणून राहिली ते आयका," ती म्हणाली. "खाली बसा."

सर बसले.