मागच्या खोलीतली चौकशी

बाबांची मालिका दुपारी अडीचला सुरू व्हायची. वेळ त्यांनीच ठरवली होती, कारण ती आता कुठल्याच वाहिनीवर लागत नाही. जुनी, परदेशी, हिंदीत डब केलेली. तिचे सगळे भाग कुणीतरी इंटरनेटवर टाकून ठेवले आहेत. मागच्या खोलीत फोन औषधांच्या डब्याला टेकवून बाबा ती पाहत.

मालिकेत दोन तपास अधिकारी आहेत, एक उंच, एक टकला. गुन्हा घडतो, स्थानिक पोलीस चुकीच्या माणसाला पकडतात, मग हे दोघे येतात. दारात ओळखपत्र उघडून दाखवतात आणि लोक त्यांना आत घेतात. दार न उघडणारा माणूस मी त्या मालिकेत पाहिलेला नाही. हिंदीत त्यांना 'केंद्रीय एजंट' म्हटलं आहे. बाबा स्वतः चौतीस वर्षं केंद्र सरकारच्या नोकरीत होते, त्यामुळे त्यांना ते घरचेच वाटत. पडद्यावर स्थानिक पोलिसांचा गोंधळ झाला की ते आईकडे बघून म्हणत, "स्टेटवाल्यायले काई समजत नाई." आईचा भाऊ तलाठी होता.

मी नागपूरच्या एका दैनिकात एकोणीस वर्षं काम केलं, त्यातली सहा गुन्हेवार्तांच्या टेबलावर. नोकरी सुटल्यावर घरून कामं घेऊ लागले आणि महिन्यातले काही दिवस भंडाऱ्याला आई-बाबांकडे राहू लागले. ही गोष्ट अशाच एका आठवड्यातली आहे. मंगळवारी दुपारी ती सुरू झाली आणि गुरुवारी संपली.

मंगळवारी जेवण झाल्यावर बाबांना फोन आला. ते बोलत बोलत मागच्या खोलीत गेले आणि त्यांनी आतून कडी लावली. थोड्या वेळाने दार अर्धवट उघडून आईला म्हणाले, "ऑफिसचं काम हाये. पुसू नको."

दुसऱ्या कुठल्या घरात हे वाक्य खपलं नसतं. बाबा निवृत्त होऊन आठ वर्षं झाली होती. ऑफिसचं काम असण्याचा प्रश्नच नव्हता. पण आम्ही जवाहरनगरच्या दारूगोळा कारखान्याच्या क्वार्टरमध्ये वाढलेले लोक. तिथे कारखान्याची बस सकाळी माणसं घेऊन जायची, संध्याकाळी आणून सोडायची, आणि मधल्या वेळात काय झालं हे घरात विचारायचं नसे. कुणी तसा नियम लिहून लावला नव्हता. बायका एकमेकींना सांगत, मुलं बघून शिकत. बाबा आत काय करतात हे मला शाळेत कुणी विचारलं तर 'नोकरी' एवढंच उत्तर मी देत असे. आईने चौतीस वर्षं विचारलं नव्हतं. तिने त्या दिवशीही विचारलं नाही. ताट दाराशी नेलं, बाबांनी हात बाहेर काढून ते घेतलं.

मी विचारायला हवं होतं. त्या दोन दिवसांत दाराच्या आतून मला हिंदी आवाज ऐकू येत होते. जड, सावकाश बोलणारे. आपण देशाच्या निगराणीखाली आहात. खोली सोडायची नाही. कुणाशी बोललात तर त्यालाही आरोपी केलं जाईल. मी बाहेरच्या खोलीत बसून एका संस्थेचा अहवाल तपासत होते, आणि ते आवाज मी मालिकेचे धरले. 'डिजिटल अरेस्ट' म्हणतात त्या फसवणुकीच्या किमान डझनभर बातम्यांना मी मथळे दिले आहेत. दोन दिवस मी त्यातल्याच एका बातमीपासून बारा फुटांवर बसले होते.

गुरुवारी सकाळी अकराच्या सुमारास आतून कुकरची शिट्टी ऐकू आली.

मी स्वयंपाकघरात गेले. आई तांदूळ निवडत होती. मी म्हटलं, कुकर उतरव. ती म्हणाली, "चढवलाच कुठं? आपला कुकर तं खाली हाये."

पुन्हा शिट्टी झाली. ती खोलीतल्या फोनमधून येत होती. परदेशातल्या त्या मालिकेत कुकर असणं शक्य नव्हतं. मी दार ठोठावलं. आतून बाबा म्हणाले, "बाहीरच राय, बाई." दुसऱ्यांदा मी खांद्याने धक्का दिला. कडी जुनी होती, निघाली.

बाबा खुर्चीवर ताठ बसले होते. पूर्ण बाह्यांचा इस्त्रीचा शर्ट, गळ्यापर्यंत बटणं. पायांत बूट. घरात त्यांनी बूट घातलेले मी तेव्हा पहिल्यांदा पाहिले. दाढी दोन दिवसांची. समोर डब्याला टेकवलेल्या फोनवर खाकी कपड्यातला एक माणूस, मागे झेंडा. त्याने विचारलं, ही कोण आहे, तुम्ही एकटे नाही का?

बाबा उभे राहिले आणि त्याला म्हणाले, "सर, बेटी है मेरी. इसको कुछ मालूम नहीं. इसका नाम मत लिखिए."

मी फोन उचलून बंद केला.

ते रागावले नाहीत. पुन्हा खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "तुले नाई समजत. आता वारंट निघन." मी त्यांना समजावलं. हे लोक कोण असतात, कुठून फोन करतात, गणवेश कसा भाड्याने आणतात, शेवटी कशासाठी हे करतात, सगळं. बाबांच्या बँक खात्यातून अजून काही गेलेलं नव्हतं. पैसे पाठवणं शुक्रवारी ठरलं होतं. बाबांनी शांतपणे ऐकलं. त्यांच्या नावाच्या कुरिअरमध्ये अमली पदार्थ सापडले असं फोनवर सांगितलं होतं, ती गोष्ट खोटी आहे हे त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं, असं ते म्हणाले. मग आत का बसून होते?

"पार्सल बहाना हाये. ते दुसऱ्याच कामासाठी आले, असं मले वाटलं."

टेबलावर एक कागद होता. फोनवरच्या माणसाने सांगितलं होतं, आजवर कुणाला सांगितलं नाही असं काही असेल तर लिहून द्या, सहकार्य केल्याची नोंद होईल. बाबांनी सुवाच्य अक्षरात लिहून दिलं होतं. आपली जन्मतारीख खोटी आहे. अड्याळजवळच्या गावातल्या शाळेत मास्तरांनी एक जुलै लिहिली, आणि वर्षही दोनाने पुढचं टाकलं. त्यामुळे आपण दोन वर्षं जास्त नोकरी केली. त्या दोन वर्षांचा पगार आपला नव्हता. खाली सही. कागदाचा फोटो त्या माणसाकडे गेला होता.

आई दारात उभी राहून ऐकत होती. ती पहिल्यांदा खोलीत आली.

"अवो, तारीख मास्तरनं लिवली. साऱ्या वर्गाची एक जुलैच हाये. तुमाले पुसलं होतं काय कोनी?"

"भरतीच्या वेळी पुसलं होतं," बाबा म्हणाले. "मी सही केली."

फोन बंद होऊन तास झाला, दार सताड उघडं होतं, आणि बाबा खुर्चीवरून हलत नव्हते. आईने चहा आणला, तो त्यांनी तिथेच घेतला.

मी पोलीस ठाण्यात जाऊन तक्रार देऊ म्हटलं. ते लगेच तयार झाले, आणि मग त्यांनी त्यांची अट सांगितली. तिथे सगळं सांगणार, तारखेचंही. मी घाबरले. लेखी तक्रारीत असं काही गेलं तर पेन्शनच्या कार्यालयात त्याचं काय होईल, हे मला माहीत नव्हतं. मी म्हटलं, तक्रार फोन करणाऱ्यांची आहे, तेवढंच सांगू.

"पेपरात होती तवा अर्धंच छापत होती काय?"

मी रिक्षा बोलावली.

ठाण्यात एक तरुण हवालदार टेबलाशी होता. त्याने आधार कार्ड मागून घेतलं, नंबर, कॉलची वेळ, स्क्रीनवरचा माणूस कसा दिसत होता, सगळं विचारलं आणि लिहिलं. काम चांगलं करत होता. जन्मतारखेच्या रकान्यापाशी त्याने कार्डावरून तारीख उतरवली. बाबांनी हात पुढे करून त्याला थांबवलं.

"साहेब, हे तारीख खोटी हाये. मी दोन वर्षांनं मोठा हावो."

हवालदाराने वर पाहिलं. बाबांनी कागदावर लिहिलं होतं तेच, त्याच क्रमाने सांगितलं. मास्तर, शाळा, भरती, सही, दोन वर्षांचा पगार. मागे रांगेत मोबाइल हरवलेला एक माणूस ऐकत होता.

"काका, आधारवर हेच हाये ना?"

"हो."

"शाळेच्या दाखल्यावर?"

"हेच."

"मंग हेच खरी. माझ्या बापाची बी एक जुलैच हाये, आजाची बी. तारीख बदलवाची असंन तं ते काम आमच्याकडं नाई."

"बदलवाची नाई. तुमी लिवून घ्या, येवढंच."

"कायच्यात लिवू? तसा रकानाच नाई." त्याने कागद फिरवून बाबांसमोर ठेवला आणि कुठे सही करायची ते बोटाने दाखवलं.

बाबांनी तक्रार पूर्ण वाचली. कार्डावरची तारीख जशीच्या तशी होती. खाली मजकूर होता की वरील माहिती खरी आहे. त्यांनी पेन हातात घेतलं आणि बराच वेळ धरून ठेवलं. हवालदार घाई करत नव्हता. मग त्यांनी सही केली, तशीच, भरतीच्या कागदावर असेल तशी.

"मंग मी जाऊ?" त्यांनी विचारलं.

"जा ना, काका. तुमाले कोन पकडलं हाये?"

बाबा बसून राहिले. मोबाइलवाल्याला खुर्ची हवी होती, तो पुढे आला, तेव्हा उठले.